एनिफाचं मयत

आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेने दारावर लाल फीत रंगवलेली पांढरी जीप आमच्या भागात आणली, तेव्हापासून ती फीत ज्या कोणाच्या डोक्यातून निघाली त्या माणसाला एकदा बघायची माझी इच्छा आहे. बघून काही करायचं नाही. असा माणूस दिसतो कसा, जेवतो कसा, त्याला कोणी जवळचं आहे का, एवढंच.

लाल फीत म्हणजे एड्स, हे अख्ख्या मलावीत अंगावर पिणाऱ्या पोरालाही कळतं. मग ती जीप ज्या घरापुढे थांबेल त्या घरात काय आहे, हे कोणी वेगळं सांगायला नको. मागे एकदा ती शेजारच्या गावात शिवणकाम करणाऱ्या एका विधवेच्या दारात थांबली. चांगली लांबलचक थांबली, कारण जीपमधल्या साहेबांना सावलीत बसून फोनवर बोलायचं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या बाईकडे कोणी कापड टाकेना. जसा काही आजार सुईतून चढतो. आमचे लोक मूर्ख आहेत, मान्य. पण ते मूर्ख आहेत म्हणूनच तर त्यांना शिकवायला संस्थेने ही माणसं पगार देऊन ठेवली होती ना?

आधीच सांगून ठेवते, मी, लुफिना, स्वतः त्याच आजाराच्या गोळ्यांवर जगते. माझा नवरा गेला तेव्हा गोळ्या नव्हत्या. बहीण गेली तेव्हा गोळ्या फक्त ब्लँटायरच्या पैसेवाल्यांना मिळत. माझी पाळी आली तोवर त्या आमच्या चहाच्या मळ्यांपर्यंत पोचल्या, आणि चटईवरून उठून मी पुन्हा मक्याच्या शेतात उभी राहिले. तेव्हा गोळीला मी नावं ठेवत नाही. गोळी चांगली आहे. गोळीबरोबर जी माणसं येतात त्यांच्याविषयी मी बोलते आहे.

त्या माणसांना जे कधी सुचलं नाही ते आम्ही केव्हाच करून मोकळे झालो होतो. आमच्या गावचे लोक गोळ्या आणायला नदीपलीकडच्या मिशनच्या दवाखान्यात जातात, आणि नदीपलीकडचे आमच्या आरोग्य केंद्रात येतात. पुलावर गाठ पडते, पुरुषाला बाम्बो म्हणायचं, बाईला माई. ‘कुठे निघालात, बाम्बो?’ ‘गिरणीवर. आणि तुम्ही, माई?’ ‘मीही गिरणीवरच.’ दळण कोणाच्याच डोक्यावर नसतं. कोणी विचारत नाही. हे शिकवायला आम्हाला कोणी हॉटेलात प्रशिक्षणाला नेऊन बसवलं नव्हतं.

एनिफाला मात्र पूल ओलांडता आला नाही. ती माझ्या गेलेल्या बहिणीची मुलगी, मीच वाढवलेली. दिवस राहिले म्हणून आमच्याच केंद्रात नाव घालायला गेली, तिथे सगळ्या गरोदर बायकांची तपासणी होते तशी तिची झाली, आणि तिथल्या तिथे गोळ्या हातात ठेवल्या गेल्या. घरी येऊन ती माझ्या चुलीपाशी बसली आणि बराच वेळ तुरीच्या शेंगा सोलत राहिली.

‘फायसनला सांग,’ मी म्हटलं.

‘सांगीन, मावशी. बाळ होऊ दे. बाळ चांगलं निघालं की त्याच दिवशी सांगते. नुसतं वाईटच घेऊन कशी जाऊ त्याच्यापुढे?’

फायसन तिचा नवरा. फालोम्बेकडचा, चहाच्या कारखान्यात भट्टीवर कामाला. आमच्याकडे लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी येऊन राहतो, त्यामुळे गावातला प्रत्येक नवरा घरजावई. कोणी त्याला हिणवत नाही, पण कोणी त्याला सगळं सांगतही नाही. फायसन चांगला होता. दारू बेताची, हात कधी उगारला नाही, आणि बायकोला दिवस गेल्यापासून विहिरीचं पाणी स्वतः आणायचा, मित्र हसले तरी. असा माणूस हातचा जाऊ नये म्हणून एनिफा बाटलीतल्या गोळ्या कापसात गुंडाळून ठेवायची, म्हणजे बाटली हलली तरी आवाज येऊ नये. आमच्या गावात कापूस इतका का खपतो हे एकदा त्या संस्थेने शोधून काढावं.

मग गोळ्या घ्यायच्या एका तारखेला ती केंद्रावर गेली तर खिडकीला कुलूप. रखवालदार बाकावर पसरला होता. तो म्हणाला, ‘सगळे सरोवरावरच्या हॉटेलात गेलेत, कार्यशाळेला. पुढच्या आठवड्यात ये.’

‘कसली कार्यशाळा?’

‘लोक गोळ्या का सोडतात त्याची.’

हे मी माझ्या पदरचं सांगत नाहीये. पुढच्या आठवड्यात गेली तेव्हा खिडकी उघडी होती, पण माल आला नव्हता. खिडकी बंद दिसली त्याच दिवशी मी माझ्या बाटलीतल्या अर्ध्या गोळ्या तिला दिल्या होत्या. तिचा एकही दिवस चुकला नाही. पण संस्थेच्या कॉम्प्युटरवर तिच्या नावापुढे ‘हरवली’ असं लागलं. कुलूप लावून गेले हे, आणि हरवली ती.

हरवलेल्यांना शोधायलाच ती जीप होती.

स्तांबुली त्या जीपचा ड्रायव्हर. माझ्या चुलतभावाचा मुलगा. एका सकाळी त्याचा फोन आला, आवाज इतका बारीक की मला आधी वाटलं कोणी बाईच बोलतेय.

‘आत्या, मी संडासामागून बोलतोय. आज तुमच्या गावाचा नंबर आहे. एनिफाचं नाव आहे. न्याहारी झाली की निघतोय.’

‘तू जीप चिखलात घाल.’

‘मागच्या वेळी घातली ना, आत्या! साहेबांनी दोर बांधून ओढायला गावच जमा केलं. उलट जास्तच लोकांनी बघितलं.’

फायसन सकाळच्या पाळीला गेला होता, दुपारनंतर येणार होता. तेवढ्यात काय करायचं ते करायचं होतं. मी धावत माझ्या भावाकडे गेले. लायफोडी म्हणजे एनिफाचा मामा, आणि आमच्याकडे मुलीच्या लग्नाची जोखीम मामाच्या डोक्यावर असते. जावयाला काही सांगायचं, विचारायचं, भांडायचं, तर ते मामाच्या तोंडून. लायफोडीला एनिफाचं ठाऊक होतं. त्याला एवढं ठाऊक होतं हीच आमची पहिली चूक, पण ते नंतर.

लायफोडी दात घासत होता. थुंकला आणि म्हणाला, ‘फांद्या टाकू.’

घरात मयत झालं की आम्ही रस्त्यावर हिरव्या फांद्या टाकतो. फांद्या दिसल्या की सायकलवाला उतरून चालतो, गाडी हळू होते, लोक टोप्या काढतात. आणि सुतकातल्या गावात त्या दिवशी कोणी कसलंही काम घेऊन येत नाही. नांगर धरायचा नाही, वसुली करायची नाही, मीटिंग घ्यायची नाही. ‘जीप येईल, फांद्या बघेल, स्तांबुली साहेबाला सांगेल की आज गावात शिरता येत नाही, आणि जीप माघारी फिरेल,’ लायफोडी म्हणाला. ‘मग फांद्या उचलू. कोणी विचारलं तर सीमेपलीकडे मोझांबिकात आपला एक मेहुणा वारला म्हणून सांगू. तिकडे जाऊन बघतंय कोण?’

मला ते पटलं. माझा भाऊ आयुष्यात फार थोड्या वेळा हुशार वाटला आहे, आणि प्रत्येक वेळी मी फसले आहे.

आम्ही आंब्याच्या फांद्या तोडून रस्त्यावर टाकल्या, आणि पुढचं आम्हाला सुचायला हवं होतं ते सुचलं नाही. फांद्या पडलेल्या बघून गाव घरात कसं बसेल? पहिल्यांदा पलीकडच्या घरातली डोरिका आली, डोक्यावर पिठाची परडी घेऊन. मग सरपणाच्या मोळ्या आल्या. मग चर्चच्या बायका पांढरे डगले घालून. आल्या त्या रडतच आल्या, कारण कोण गेलं हे विचारायच्या आधी रडणं ही आमच्याकडची सभ्यता आहे. मी डोरिकाला बाजूला घेतलं.

‘रडू नको. कोणी मेलं नाही. ती जीप येतेय.’

डोरिकाने डोळे पुसले. कोणासाठी येतेय हे तिने विचारलं नाही. तिने फक्त मागे वळून सगळ्या बायकांना सांगितलं, ‘जीप येतेय,’ आणि त्या बायका पहिल्यापेक्षा जोरात रडायला लागल्या. एकीनेही विचारलं नाही. प्रत्येकीला वाटत होतं, आपल्याच घरासाठी येत असेल. पुरुषही चटया अंथरून बसले, आणि मुखिया आपली खुर्ची घेऊन आला. त्या सकाळी मला माझ्या गावाचा अभिमान वाटला. असा वारंवार वाटत नाही.

एनिफाला मी स्वयंपाकाच्या झोपडीत बसवलं. एवढी माणसं आली म्हणजे न्सिमा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, करावीच लागणार, आणि पीठ तर दारात येऊन पडलंच होतं. सातव्या महिन्याचं पोट सांभाळत ती धुरात मोठ्या हंड्यात पीठ घोटत बसली. ‘मावशी,’ ती हसून म्हणाली, ‘मोझांबिकातल्या मेहुण्याला सुकी मासळी आवडायची की तूर?’

जीप आली. फांद्यांपाशी थांबली. स्तांबुली काहीतरी सांगताना दिसला, हात हलवत, मान हलवत. आणि मग जीपचं मागचं दार उघडलं आणि साहेब, बाम्बो काडेवेरे, खाली उतरले.

काडेवेरे ब्लँटायरचे. बूट असे चकचकीत की आमच्या लाल मातीलाच ओशाळल्यासारखं व्हावं. त्यांनी टोपी काढली, छातीशी धरली आणि फांद्यांना वळसा घालून पायी चालत सरळ आमच्याकडे यायला निघाले. स्तांबुली मागून तोंड पाडून. नंतर कळलं, साहेबांनी नुकतंच स्थानिक चालीरीतींचा आदर कसा करावा याचं प्रशिक्षण घेतलं होतं. ‘मयत असेल तर माघारी कसं फिरायचं?’ ते स्तांबुलीला म्हणाले होते. ‘आपण लोकांच्या दुःखात बसलं पाहिजे.’ जे आमच्या आयांनी आम्हाला कडेवर असताना शिकवलं, ते हा माणूस हॉटेलात शिकून आला होता, आणि शिकल्याबरोबर लगेच वापरायला काढलं.

ते पुरुषांत बसले. मुखियाशी हात मिळवला. मग लायफोडीकडे वळून हळू आवाजात म्हणाले, ‘फार वाईट झालं. खरं म्हणजे आम्ही इथल्या एनिफा नावाच्या मुलीला भेटायला आलो होतो. तिचं घर कोणतं? आज नाही, पण उद्या येऊ.’

आणि माझ्या भावाला त्या क्षणी आणखी एक हुशारी सुचली. त्याचे डोळे चमकले ते मी बायकांच्या चटईवरून पाहिलं, पण उठेपर्यंत उशीर झाला.

‘तीच तर गेली, साहेब,’ लायफोडी म्हणाला. ‘तिचंच मयत आहे.’

त्याचा विचार काय होता? मेलेल्या माणसाला शोधायला जीप येत नाही. उद्या नाही, परवा नाही, कधीच नाही. एका वाक्यात कायमचा निकाल लावला असं त्याला वाटलं. माझ्याकडे बघून त्याने हळूच मानसुद्धा हलवली, शाबासकी मागितल्यासारखी. दीडशहाणा मेला.

काडेवेरेंचा चेहरा खरोखर पडला. तेवढं मी कबूल करते, त्या माणसाला वाईट वाटलं. वाईट वाटून तो गप्प बसला असता तर मी आज त्याच्याविषयी काहीच बोलले नसते. पण आमच्याकडे मयतात प्रत्येकाच्या वतीने कोणीतरी उठून चार शब्द बोलतो. चर्चकडून एक, मळ्याकडून एक, नातलगांकडून एक. साहेबांना ते प्रशिक्षणात सांगितलेलं होतं. ते उठले.

‘माझ्या शोकाकुल बंधूंनो, भगिनींनो,’ काडेवेरे म्हणाले, ‘एनिफा तुमची मुलगी होती, तशी ती आमचीही होती. आमच्या केंद्रात तिचा एचआयव्ही सापडला तेव्हा तिला आम्ही सांगितलं होतं...’

मग डोरिकाने माझ्या मांडीवर बोटं इतकी रुतवली की वळ उठले.

‘याला थांबव,’ ती पुटपुटली.

भाषण लांबलं तर थांबवायची आमच्याकडे एक सोय आहे. बायकांनी गाणं धरायचं. भजन सुरू झालं की बोलणारा समजतो आणि खाली बसतो, मग तो पाद्री असला तरी. मी गाणं धरलं. एवढ्या मोठ्याने मी चर्चमध्येही कधी गायले नसेन. सगळ्या बायका उठल्या, टाळ्या वाजायला लागल्या, पाय आपटायला लागले, धूळ उडाली. काडेवेरेंनी डोळे मिटले आणि भक्तिभावाने डोलायला लागले. आम्ही तीन कडवी म्हटली, चौथं कोणाला येत नव्हतं म्हणून पहिलं पुन्हा म्हटलं. शेवटी दम लागून आम्ही थांबलो, तेव्हा त्यांनी डोळे उघडले, ‘धन्यवाद’ म्हणाले, आणि मागच्या लोकांनाही ऐकू यावं म्हणून स्तांबुलीला जीपमधून भोंगा आणायला सांगितलं.

स्तांबुलीने भोंगा आणायला जितका उशीर लावता येईल तितका लावला. पण आणला.

‘आजच्या काळात या आजाराने कोणी मरायचं कारण नाही!’ भोंग्यातून काडेवेरे म्हणाले. पार नदीपर्यंत गेलं असेल. ‘एनिफाने तारीख चुकवली! पोटात बाळ असताना गोळ्या सोडल्या! ती आमच्याकडे आली असती, तर आज ती, आणि ते निष्पाप बाळ...’

तेवढ्यात फायसन आला.

त्याला कोणी बोलावलं नव्हतं. पण फांद्यांची बातमी पायांवर थोडीच चालते. कारखान्यात कोणीतरी जाऊन सांगितलं की तुझ्या सासरी मयत आहे, आणि घरजावई सासरच्या मयताला पोचला नाही तर तो माणसात जमा नाही, म्हणून मुकादमाने त्याला तिथल्या तिथे सोडलं. हे आम्हाला सुचायला हवं होतं. आम्ही आमचीच रीत वापरायला काढली आणि ती कोणाकोणाला घेऊन येते हेच विसरलो. फायसन सायकल टाकून धावत आला, अंगावर चहाची भुकटी, आणि त्याच्या कानावर पहिलं जे पडलं ते त्याच्या बायकोचं नाव, भोंग्यातून.

तो उभ्या जागी खाली बसला. आणि ओरडला. मी पुष्कळ मयतं पाहिली आहेत, आमच्या पिढीने दुसरं काय पाहिलंय, पण तसा आवाज मी फार वेळा ऐकलेला नाही.

काडेवेरे भोंगा खाली ठेवून त्याच्याकडे गेले. त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

‘नवरा का तुम्ही? धीर धरा. पण एक सांगतो, उशीर करू नका. तपासणीचं सामान जीपमध्ये आहे. आत्ता लगेच होऊन जाईल.’

तेव्हा एनिफा झोपडीतून बाहेर आली. मी तिला नको नको म्हणून हात करत होते, पण त्या ओरडण्यापुढे ती आत बसणार कशी? हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले, डोळे धुराने लाल, पोट पुढे.

‘फायसन,’ ती म्हणाली. ‘ऊठ. मी आहे.’

तो तिच्याकडे बघत राहिला. आधी त्याच्या तोंडावर जे आलं ते मी विसरणार नाही. आनंदच होता तो, साधा, लहान मुलाला होतो तसा. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की मेल्याचं खोटं निघालं, पण भोंग्यातलं बाकीचं खोटं नाही. आनंद चेहऱ्यावरून उतरला.

काडेवेरे माझ्याकडे वळले. ‘ही कोण?’

‘एनिफा,’ मी म्हटलं.

‘म्हणजे जिवंत आहे?’ त्यांनी विचार केला. आणि मग, देवाशपथ, ते एनिफाला म्हणाले, ‘मग तारीख का चुकवलीस?’

माझ्या तोंडाचा ताबा सुटला. ‘तारखेला तुम्ही कुठे होता?’ मी म्हटलं. ‘खिडकीला कुलूप लावून सरोवरावर मासे खात होता ना? लोक गोळ्या का सोडतात म्हणे! हिने एक दिवस सोडलेली नाही. माझ्या बाटलीतल्या खाल्ल्यात हिने. कळलं? माझ्या बाटलीतल्या! ऐकू दे सगळ्यांना. तुमच्या भोंग्यातून सांगू का?’

‘माई, तो राष्ट्रीय कार्यक्रम होता,’ काडेवेरे म्हणाले.

फायसन आमचं ऐकतच नव्हता. तो उठला आणि लायफोडीपुढे जाऊन उभा राहिला.

‘मामा, तुम्हाला ठाऊक होतं?’

लायफोडीने टोपी हातात फिरवली. ‘अरे, तुझ्या चांगल्यासाठीच...’

‘ठाऊक होतं का?’

‘होतं.’

‘तुला, मावशी?’

‘हो,’ मी म्हटलं.

‘ह्या साहेबाला ठाऊक. त्याच्या ड्रायव्हरला ठाऊक. आता सगळ्या गावाला ठाऊक.’ तो आरडाओरडा करत नव्हता, तेच वाईट होतं. ‘घरजावई तेवढा राहिला. त्याला काय, मयताला आला की कळेल.’

‘बाळ झालं की सांगणार होते,’ एनिफा म्हणाली. ‘तुझी शप्पथ, फायसन.’

‘मी पाणी आणायचो,’ तो म्हणाला. एवढंच. मग घराकडे गेला.

त्या घराचं दार त्याने स्वतः केलेलं होतं, कारखान्यातल्या चहाच्या जुन्या पेट्यांच्या फळ्यांचं. आमच्याकडे घर बायकोच्या जमिनीवर, पण दार नवऱ्याचं, आणि जाणारा नवरा ते घेऊन जाऊ शकतो. त्याने बिजागरं काढली. कोणी मध्ये पडलं नाही. मध्ये पडायचं ते मामाने, आणि मामाच्या तोंडात आता शब्द कुठला असणार? एनिफा बाजूला उभी राहून बघत होती, हातावरचं पीठ वाळत होतं. दार सायकलला आडवं बांधून तो निघाला, आणि फांद्यांपाशी पोचल्यावर रीतीप्रमाणे उतरून चालत गेला.

न्सिमा शिजलेलीच होती, म्हणून लोक जेवले. काडेवेरेही जेवले. तूर छान झाली आहे, असं म्हणाले.

त्यानंतर एनिफाने कापूस काढून टाकला. आता कोणापासून लपवायचं? बाटली उशाशी उघड्यावर, गोळी उंबऱ्यात बसून सगळ्यांदेखत. ‘आजार उघड केला, नियमित गोळ्या घेते,’ असं केंद्रातल्या नर्सने तिच्याविषयी कौतुकाने म्हटलं. संस्थेच्या हिशेबाने हे यशच. नवरा गेला त्याचा रकाना त्यांच्याकडे नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला मुलगी झाली. तिची पहिली तपासणी चांगली आली, नंतरचीही चांगली आली. एनिफाने दोनदा फालोम्बेला निरोप पाठवला. पहिल्यांदा निरोप नेणाऱ्याला फायसनच्या आईने अंगणातून घालवून दिलं. दुसऱ्यांदा फायसन स्वतः बाहेर आला आणि म्हणाला, ‘त्या गावचं मला काही सांगू नका. तिथली माणसं मेलेली सांगतात ती जिवंत निघतात, चांगली सांगतील ती कशी निघतील?’ एनिफा आता दाराच्या जागी लावलेला पडदा वाऱ्याने हलला की बाहेर बघायची.

असंच एकदा काडेवेरे आले. तीच जीप, तीच फीत. फक्त फितीखाली आता छोट्या अक्षरांत ‘प्रेमाने’ असं लिहिलेलं होतं. मी त्यांना खुर्ची दिली. द्यावीच लागते. त्यांच्याच गोळ्या आम्ही दोघी खातो, आणि याचीच मला सगळ्यात जास्त चीड आहे.

‘आनंदाची गोष्ट आहे,’ ते म्हणाले. ‘एनिफा, तुझी गोष्ट आम्ही वर कळवली. सरोवरावर पुढच्या महिन्यात कार्यशाळा आहे, तिथे तू बोलायचं. धीर करून सगळ्यांसमोर आजार उघड केलास, बाळ निरोगी झालं. लोकांना फार बळ येईल. जाण्यायेण्याचं, राहण्याचं सगळं आमच्याकडे.’

मला वाटलं ती आता ओरडेल. मला हवंही होतं. पण तिने पोरीला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि शांतपणे म्हणाली, ‘येईन, बाम्बो. आधी माझं एक काम करा. फायसन फालोम्बेला आईकडे आहे. तुमच्या जीपला ते काही लांब नाही. जाऊन त्याला एवढंच सांगा की पोरगी चांगली आहे. आमच्यातल्या कोणाचं तो खरं धरत नाही. तुमचं धरेल. त्या दिवशी तुमचंच एक खरं निघालं होतं.’

काडेवेरे खुर्चीत सावरून बसले. त्यांनी घसा साफ केला.

‘तसं नाही करता येत, माई,’ ते म्हणाले. ‘एकाच्या तपासणीचं दुसऱ्याला सांगणं... आमचा फार कडक नियम आहे. रुग्णाची गुप्तता असते.’

‘तो बाप आहे तिचा,’ एनिफा म्हणाली.

‘तरीसुद्धा,’ काडेवेरे म्हणाले, आणि बाहेर डोरिका ऐकत असेल म्हणून त्यांनी आवाज आणखी खाली आणला.